स्वस्त झालेली बुद्धि आणि घरची पुंजी

बाजारांत एखादी वस्तु स्वस्त झाली म्हणजे घेणाऱ्यास आनंद होतो. पण ती महागच राहील या भरंवशावर ज्यानें माल भरून ठेवलेला असतो, त्याच्या तोंडचें पाणी पळतें. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतींत हाच प्रसंग २७ जानेवारी २०२५ रोजीं अमेरिकेच्या शेअरबाजारांत घडून आला. आपल्या घरांतील शिल्लकही आतां म्युच्युअल फंडांच्या वाटेनें शेअरांत जाऊं लागली आहे. म्हणून त्या प्रसंगाचा विचार कर्त्या मंडळींनीं व मिळवत्या मुलांनीं एकत्र बसून करण्यासारखा आहे.

हकीकत अशी. चीनमधील डीपसीक या कंपनीनें २० जानेवारी रोजीं ‘आर१’ नांवाचें मॉडेल प्रसिद्ध करून तें सर्वांस वापरण्यास मोकळें केलें. तें ज्या पूर्वीच्या मॉडेलावर उभारलें होतें, त्याच्या अखेरच्या शिकवणीस सुमारें ५६ लक्ष डॉलरच लागले, असें कंपनीनें सांगितलें होतें. आधींच्या संशोधनाचा खर्च या आंकड्यांत धरलेला नव्हता. तरीही अशीं मॉडेलें घडविण्यास अपार पैसा व असंख्य चिप्स लागणारच, या समजुतीस जबर धक्का बसला. चिप्सचा व्यापार करणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचा शेअर त्या एका दिवसांत सुमारें १७ टक्क्यांनीं घसरला व तिच्या बाजारमूल्यांतून सुमारें ५९ हजार कोटी डॉलर नाहींसे झाले. ॲपलचा शेअर मात्र त्याच दिवशीं चढला.

मग चिप्सचा धंदा बुडाला काय? मुळींच नाहीं. जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १८६५ सालीं कोळशावरील आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें होतें कीं, सुधारलेल्या वाफेच्या यंत्रास कोळसा कमी लागूं लागला, तरी देशांतील कोळशाचा खप वाढतच गेला. कारण यंत्र परवडूं लागतांच तें जिकडेतिकडे दिसूं लागलें. येथेंही मागणी वाढतच राहिली. जुलै २०२५ मध्यें एनव्हिडियाचें बाजारमूल्य चार लक्ष कोटी डॉलरांवर गेलें. घाबरून विकणारे पस्तावले.

पण खप वाढला म्हणजे प्रत्येकाचा नफा वाढतो, असेंही नव्हे. त्याच १८६५ सालीं मुंबईनें याचा अनुभव घेतला. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला व आपल्याकडील कापसास सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या भरतींत बँका व कंपन्या निघाल्या. बॅकबेचा समुद्र हटविण्यासाठीं निघालेल्या कंपनीच्या शेअरांवर लोकांच्या उड्या पडल्या. युद्ध संपलें, कापूस उतरला आणि हे मनोरे कोसळले. कापूस कांहीं निरुपयोगी झाला नव्हता. संपली होती ती त्याची टंचाई.

यांतलें मर्म घरच्या पुंजीस लावून पाहावें. एखादें साधन जगास उपयोगी पडेल काय, हा एक प्रश्न. आणि त्याचा नफा कोणाच्या पदरांत पडेल, हा दुसरा. बुद्धि स्वस्त झाली कीं ती विकणाऱ्यांत चढाओढ लागते. ती वापरणाऱ्यांतही लागते. आणि लाभाचा मोठा वांटा अखेर गिऱ्हाइकाच्या घरीं जातो.

आपल्या मंडळींस याचा आणखी एक पदर आहे. हिंजवडीस वा परदेशीं सॉफ्टवेअरच्या नोकरींत असलेला मुलगा बहुधा घरोघरीं आढळतो. या धंद्यांत पुष्कळ कामाची आकारणी माणसांवर व तासांवर होत आली आहे. यंत्र स्वस्तांत काम करूं लागल्यास तिलाच झळ पोंचण्याचा संभव आहे. अशा घरानें आपली शिल्लकही त्याच धंद्याच्या शेअरांत घालावी, म्हणजे पगार व पुंजी एकाच दोरास टांगल्यासारखें होईल. मुलाच्या विद्येवर विश्वास अवश्य ठेवावा. पण ज्या झाडाच्या सावलींत घर उभें आहे, त्याच्याच फांदीला धान्याचें शिंकें बांधूं नये.