ट्रॅक्टर नेमका कुठल्या देशाचा?

जॉन डिअर अमेरिकन, कुबोटा जपानी, महिंद्रा आपला, अशी वाटणी पारावर सर्रास होते. ती बोनेटवरच्या नावापुरती खरी. बोनेटखाली मात्र देशांची अशी सरमिसळ असते की थक्क व्हावं.

जॉन डिअरच्या चेसिसवर ठोकलेली क्रमांकाची पट्टी वाचून बघा. सतरा अंक-अक्षरांच्या त्या क्रमांकातली पहिली तीन कारखान्याचा पत्ता सांगतात. ‘१आरडब्ल्यू’ म्हणजे आयोवा राज्यातलं वॉटर्लू, ‘१एलव्ही’ म्हणजे जॉर्जियातलं ऑगस्टा आणि ‘१पीवाय’ म्हणजे पुण्याजवळ नगर रस्त्यावरचं सणसवाडी. ‘१पीवाय’चे ट्रॅक्टर अमेरिकेतही विकले जातात. तिथला शेतकरी अस्सल अमेरिकन समजून जो हिरवा ट्रॅक्टर घरी नेतो, तो शिरूर तालुक्यात जुळणी होऊन आलेला असू शकतो. उलट १९९४ पासून महिंद्रा तिथे स्वतःच्या नावावर ट्रॅक्टर विकते आहे, म्हणजे ‘परदेशी माल घ्यावा का?’ हा आपला जुना प्रश्न आता टेक्सासमध्येही विचारला जातो.

तसं पाहिलं तर आपले ‘देशी’ ट्रॅक्टर तरी कुठून आले? १९५९ मध्ये फरीदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला तो जर्मन तंत्रज्ञानावर. एस्कॉर्ट्सने पोलंडच्या उर्सुसशी हात मिळवला, चेन्नईच्या टॅफेने मॅसी फर्ग्युसनशी. महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कंपनी काढली. त्यांचा गाजलेला बी-२७५ अमेरिकन कंपनीचा, पण जन्माला आला इंग्लंडमध्ये. सरकारी एचएमटीने पिंजोरला चेकोस्लोव्हाकियाचा झेटर बनवायला घेतला. जग दोन गटांत विभागलेलं असताना दोन्हीकडची यंत्रं आपल्या बांधाला बांध लावून नांगरत होती! परक्याचा परवाना न घेता उभा राहिला तो स्वराज. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आराखडा झाला आणि १९७४ मध्ये पंजाबातून स्वराज ७२४ बाजारात आला.

मग कारखान्याच्या देशाने काहीच फरक पडत नाही का? पडतो, आणि तो अमेरिकेतल्या एका खटल्यात फार स्पष्ट दिसला. जपानच्या भातखाचरांत वापरलेले कुबोटाचे छोटे ट्रॅक्टर अमेरिकेतले व्यापारी स्वस्तात आणून विकत. खुद्द कुबोटानेच त्याला हरकत घेतली. कंपनी तीच, नाव तेच, तरी यंत्र वेगळं: काहींच्या पीटीओचा, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या शाफ्टचा, वेग निराळा, मजबुतीत फरक, काहींना सुरक्षेची आच्छादनं नाहीत, आणि धोक्याच्या सूचना सगळ्या जपानीत. सुटे भाग आणि सर्व्हिसची तर बोंबच. आयात रोखण्याचा आदेश निघाला आणि १९९९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो योग्य ठरवला. मुद्दा ‘जपानी’ असण्याचा नव्हताच. जपानसाठी बनवलेलं यंत्र दुसऱ्याच शेतात उभं राहिलं, हे दुखणं होतं.

यातल्या पीटीओची गोष्ट किरकोळ समजू नये. आपल्याकडचे बहुतेक रोटाव्हेटर मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या पीटीओसाठी बनतात. त्याहून वेगाने शाफ्ट फिरला तर गिअरबॉक्स तर जातोच, शेजारी उभ्या माणसालाही धोका. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागेत तर यंत्राची रुंदी आधी मोजावी लागते. दोन ओळींमधून ते जात नसेल तर जपानी कारागिरी काय कामाची?

मग यंत्राचं खरं काम कुठे तपासलं जातं? मध्य प्रदेशात बुदनीला १९५५ पासून केंद्र सरकारची कृषियंत्र प्रशिक्षण आणि चाचणी संस्था आहे. पीटीओवर प्रत्यक्ष मिळणारी ताकद, ओढ, डिझेलचा खप, हायड्रॉलिकची उचल हे सगळं तिथे मोजलं जातं. जाहिरातीतली एचपी इंजिनाची असते. रोटाव्हेटरला मिळते ती पीटीओची, आणि ती नेहमीच कमी भरते. माझ्या मते देशाच्या झेंड्यापेक्षा तिथल्या चाचणी अहवालाचा कागद मोलाचा आहे, आणि त्याहून मोलाचं म्हणजे तालुक्याच्या गावात क्लच प्लेट ठेवणारं दुकान.

तेव्हा टोकन देण्याआधी विक्रेत्याकडे त्या मॉडेलचा चाचणी अहवाल मागा, चेसिसची पट्टी वाचा, आणि ऐन पेरणीत ट्रॅक्टर बंद पडला तर पार्ट किती दिवसांत मिळेल ते लेखी घ्या.