हट्टी मूत्रपिंडविकार आणि प्रतिपिंडांचा इलाज

त्वरितादेवीच्या तलवाडा गावात एखाद्याचे डोळे सकाळी सुजलेले दिसू लागले, पायावर बोट दाबता खळगा राहू लागला आणि लघवीस फेस येऊ लागला, तर ते जागरणाचे निमित्त न मानता त्याने लघवीतील प्रथिनांची तपासणी सत्वर करवून घ्यावी. कारण देहाच्या रक्षणार्थ नेमलेली प्रतिकारशक्तीच कधी कधी मूत्रपिंडाच्या गाळणीवर उलटते.

स्टिरॉइडांनी न हटणाऱ्या वा वारंवार उलटणाऱ्या अशा काही विकारांत रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड-औषध योजतात. बी-पेशींवरील सीडी-२० ही खूण ओळखून ते त्या पेशी नष्ट करते व घातक प्रतिपिंडांची निपज रोखते. मुळात कर्करोगासाठी १९९७ साली अमेरिकेत मान्य झालेल्या या औषधाने, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मेंटॉर चाचणीत, मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या अशाच एका मूत्रपिंडविकाराच्या ६० टक्के रुग्णांस दोन वर्षांअखेर उतार दिला. तुलनेसाठी सायक्लोस्पोरिन हे औषध दिलेल्या गटात हेच प्रमाण २० टक्के होते.

हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ साली रिटुक्सिमॅबचा भारतीय पर्याय बाजारात आणला. तथापि ते शिरेवाटे, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, सावकाश द्यावे लागते. तत्पूर्वी हिपॅटायटिस-बीची तपासणी अनिवार्य असते, आणि पुढे ताप आल्यास क्षणाचाही विलंब न करता दवाखाना गाठणे, हेच रुग्णाचे खरे हित होय.