कान टवकारा, लाइट येतोय!

माहीत आहे का? बॅटरीचा जनक अलेस्सांद्रो व्होल्टा यानं १८०० च्या सुमारास दोन्ही कानांत धातूच्या कांड्या घालून चक्क करंट सोडला होता! डोक्यात दणका बसला. मग काहीतरी दाट रटरटत असल्यासारखा आवाज आला. (घरी करून बघू नका!)

आज जगात दहा लाखांहून जास्त लोकांना कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऐकू यावं म्हणून कानात बसवायचं यंत्र, बसवलंय. तेही करंटवरच चालतं. करंट सोडणारे इलेक्ट्रोड किती? साधारण १२ ते २२! धडधाकट कानात हेच काम सुमारे ३,५०० पेशी करतात. तरी अनेक जण फोनवर मस्त गप्पा मारतात. आहे की नाही कमाल?

गाणं मात्र बेसूर वाटतं. का? कानातल्या शंखात तळाशी तार सप्तक, टोकाशी खर्ज, आणि आत खारट द्रव. करंट त्यात पसरतो. एक स्वर हवा असताना पेटीच्या पट्ट्यांवर अख्खा तळहात टेकावा, तसं होतं.

मग करंटऐवजी प्रकाश वापरला तर? तो कसा नेमका पडतो! पण नसेला प्रकाश कुठे कळतो?

इथे हिरोची एन्ट्री: शेवाळ! होय, शेवाळच. क्लॅमिडोमोनास हा एकपेशीय जीव दोन शेपट्या हलवत उजेडाकडे पोहतो. त्याच्याकडे चॅनेलरोडॉप्सिन नावाचं प्रोटीन असतं. उजेड पडला की पेशीचं दार उघडतं, विद्युतभारित कण आत शिरतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्याचं जनुक कानाच्या नसेत पोचवलं की नसही उजेडाला ‘ओ’ देते!

जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये टोबियास मोझर यांच्या टीमनं हे जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यावर करून दाखवलं. कानात लाइट लागला की पलीकडच्या कप्प्यात पळायचं, हे ते शिकले. त्यांचा २०१८ चा रिपोर्ट सांगतो, बहिरे केलेले जर्बिलही लाइटच्या इशाऱ्यावर धावले!

प्रॉब्लेम स्पीडचा. कानाची नस सेकंदाला शेकडो वेळा ठिणगी टाकते. शेवाळाचं दार मिटायला वेळ लावतं. म्हणून झटपट मिटणारी प्रोटीनं शोधून काढली. एकाचं नाव क्रोनोस!

जनुक नको? अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे क्लाउस-पीटर रिख्टर इन्फ्रारेड लेझर वापरतात. पाणी किंचित तापतं आणि नस जागी होते.

डोळ्यानं तर बाजी मारलीसुद्धा! २०२१ मध्ये चॅनेलरोडॉप्सिनच्याच घराण्यातल्या प्रोटीनमुळे आणि खास गॉगलमुळे एका अंध माणसाला टेबलावरची वही सापडली. कानाच्या चाचण्या अजून प्राण्यांवर चालल्यात. पुढचा नंबर कानाचाच लागू दे!