फायलींची देवघेव आणि खोटा माल

वाचनालयांतून आणलेल्या पुस्तकांत भलताच मजकूर निघाला, तर तक्रार कोणाकडे करावयाची हें ठाऊक असतें. परंतु जेथें ग्रंथपालच नाहीं आणि हजारों अनोळखी घरें परस्परांस पुस्तकें देतात, तेथें जाब कोणास विचारणार? मध्यवर्ती कोठाराशिवाय फायलींची देवघेव करणाऱ्या संगणकांच्या जाळ्यांचें बळ येथेंच आहे आणि दुखणेंही येथेंच.

१९९९ सालीं निघालेल्या 'नॅप्स्टर'मध्यें गाणीं लोकांच्या घरच्या संगणकांवर असत. त्यांची सूचि मात्र कंपनीपाशीं होती. अमेरिकन न्यायालयाच्या आज्ञेमुळें २००१ च्या जुलैंत ती बंद पडली आणि सारा व्यवहार थांबला. मागून आलेल्या 'काझा'नें सूचीच सभासदांच्या संगणकांवर वांटून टाकली. आतां टाळें ठोकण्यास दारच उरलें नाहीं. तेव्हां विरोधकांनीं मालांतच भेसळ आरंभिली.

लोकप्रिय गाण्यांच्या नांवाखालीं कर्कश आवाजाच्या किंवा अर्धवट फायली पसरूं लागल्या. २००३ सालीं मॅडोना या गायिकेचें नवें गाणें म्हणून उतरवून घ्यावें, तों तिच्याच आवाजांतील शिवराळ खरडपट्टी कानीं पडे! 'काझा' प्रत्येक फाईल तिच्या ठशावरून ओळखी. ठसा म्हणजे फायलींतील मजकुरावरून गणितानें काढलेला आंकडा. पण वेळ वांचावा म्हणून तो संबंध फायलीचा न काढतां आरंभींचे ३०० किलोबाइट व पुढील कांहीं ठराविक तुकडे एवढ्यांचाच काढीत. मधला मजकूर बदलला तरी ठसा तोच. पोत्याचें तोंड आणि बूड पाहून तांदूळ घ्यावे व मधले खडे घरीं आणावे, तशी ही गत झाली. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत कित्येक ताज्या गाण्यांच्या निम्म्याहून अधिक प्रति भेसळीच्या आढळल्या. अर्थात् सगळा दोष विरोधकांचा नव्हे. फाईल न ऐकतां ती तशीच दुसऱ्यांस खुली ठेवणारे आळशी सभासदही या प्रसारास हातभार लावीत.

ब्रॅम कोहेन यांनीं २००१ सालीं निर्मिलेल्या 'बिटटोरेंट'मध्यें फायलीचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकाचा पूर्ण ठसा आधींच नोंदून ठेवतात. तुकडा हातीं येतांच ठसा जुळवावयाचा. न जुळल्यास तो टाकून दुसरीकडून मागावयाचा. मात्र ही नोंदच लबाडाकडून घेतली, तर सारी तपासणी व्यर्थ!

फुकट गाणीं लुटणाऱ्यांची फजिती झाली याचें कोणास वाईट वाटणार नाहीं. पण 'लिनक्स'सारखी खुली प्रणालीही याच मार्गानें वांटली जाते. २००८ च्या मे महिन्यांत 'मीडियाडिफेंडर' कंपनीच्या यंत्रांकडून आलेल्या मागण्यांच्या भडिमारानें, स्वतःचेच कार्यक्रम वांटणाऱ्या 'रिव्हिजन-३'चें काम ठप्प झालें होतें.

तोतया सभासदांचा प्रश्न याहून बिकट आहे. एकच मनुष्य हजार नांवांनीं जाळ्यांत शिरून एखाद्यास चोहोंकडून वेढूं शकतो. मग त्या बिचाऱ्याला उत्तरें मिळतात तीं सारीं एकाच तोंडचीं. ओळख पटविणारी मध्यवर्ती सत्ता नसल्यास हें पुरतें टाळणें व्यवहारतः अशक्य, असें जॉन डूसर यांनीं २००२ सालीं दाखविलें. म्हणून सभासदाचा क्रमांक त्याच्या संगणकाच्या पत्त्याशीं बांधणें, एका पत्त्यावरून थोडींच नांवें घेणें आणि एकच प्रश्न अनेक वाटांनीं विचारून पाहणें, असे उपाय योजतात. त्यांनीं तोतयाचा खर्च वाढतो; पण एकाच पत्त्यामागें शंभर विद्यार्थी असलेल्या वसतिगृहासही त्यांचा जाच होतो.