आंग्रिया: पाण्याखालचे कंकण

बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या दुसरबीडच्या शेजारच्या तालुक्यातले लोणार सरोवर २०२० साली रामसर यादीत गेले. विवराच्या तळाशी गाव वसलेले नाही, म्हणून ते जपू नये, असे आपल्याकडे कुणी म्हणत नाही. हाच न्याय महाराष्ट्राच्या समुद्रातल्या एका निर्जन जागेला लावायला हवा. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँक हे बुडालेले प्रवाळ-पठार आहे. उत्तर-दक्षिण लांबी जवळपास ४० किलोमीटर, आणि सर्वांत उथळ माथासुद्धा पाण्याखाली २० मीटरवर. त्याचे नाव मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरून पडले आहे. ज्या आरमाराचा पाया सिंदखेडराजाच्या लेकीच्या मुलाने घातला, त्याच्या सेनापतीचे नाव आज समुद्राच्या तळाशी आहे, आणि बुलढाण्यात ते फारसे कुणाला ठाऊक नाही याचे वाईट वाटते.

पाण्याबाहेर तसूभरही जमीन नसेल तर त्याला प्रवाळबेट कसे म्हणायचे, हा ते जपण्यावरचा पहिला आक्षेप. त्याचे उत्तर प्रवाळबेटे कशी घडतात यात आहे. डार्विनने १८४२ साली मांडले की समुद्रातला ज्वालामुखी हळूहळू खचत जातो, त्याच्या कडेने प्रवाळ वर वाढत राहतो आणि शेवटी मध्ये खाजण राखून फक्त कंकण उरते. १९५२ साली प्रशांत महासागरातल्या एनिवेटॉकवर भोक पाडले, तेव्हा हजार मीटरहून खोल प्रवाळाखाली खरोखरच बेसाल्ट लागला. आपल्या लक्षद्वीपच्या कंकणद्वीपांखालीही ज्वालामुखीय खडकाची डोंगररांग आहे. ज्या तप्तबिंदूने सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा काळा दगड ओतला, त्याच्याच मागावर ती रांग उभी राहिली, असे भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे दुसरबीडच्या विहिरीत लागणारा काळा पाषाण आणि ती बेटे एकाच कुळातली. आंग्रिया मात्र भूखंडमंचावर आहे, त्यामुळे तिचे मूळ वेगळे असू शकते. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरने खाली होती, तेव्हा हा माथा पाण्याबाहेरच असणार. बर्फ वितळला, पाणी चढले आणि तो बुडाला. बुडाल्याने त्याचा इतिहास संपला नाही.

कारण तो जिवंत आहे. प्रवाळ हा दगड नसून इवल्याशा प्राण्यांची वसाहत असते. प्रत्येकाच्या अंगात एकपेशीय शैवाल राहते, ते उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातूनच प्राण्याचा बहुतेक चरितार्थ चालतो. पाणी फार तापले की हे शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढराफटक पडतो. ऊन खोलवर पोचायला पाणी नितळ लागते. कोकणच्या नद्या पावसाळ्यात किनाऱ्याला गाळ आणून टाकतात, तो इतक्या लांब फारसा पोचत नाही. तेव्हा जे दूरपण आपल्याला दुर्लक्षाचे निमित्त वाटते, त्यावरच हा प्रवाळ तगला आहे.

ही जागा जपली तर मच्छीमारांच्या पोटावर पाय येईल, हा आक्षेप याहून गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. पण गळाने मासे धरणे वेगळे आणि तळ खरवडणारे ट्रॉलचे जाळे ओढणे वेगळे. गोब्रा, तांबोशीसारखे खडकाळ तळाचे मासे जिथे वाढतात तो खडकच मोडला, तर उद्याची पकड कुठून येणार? नियम मच्छीमारांना बरोबर घेऊनच करावेत. बंदी ट्रॉलवर आणि मोठ्या जहाजांच्या नांगरावर असावी, साध्या गळावर नको.

खरी अडचण कायद्याची आहे. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, पण राष्ट्रीय सागरी हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांवर, म्हणजे साधारण २२ किलोमीटरवर संपते. आंग्रिया त्याच्या कितीतरी पलीकडे, अनन्य आर्थिक क्षेत्रात येते. तिथे राज्याचा हुकूम चालत नाही. ज्या जागेचा सातबारा नाही, मतदार नाही, तिच्यासाठी अर्ज करायलाही कुणी येत नाही. तरी १९७६च्या सागरी क्षेत्र कायद्यात वाट आहे: त्या क्षेत्रातला एखादा भाग ‘निर्दिष्ट’ ठरवून तिथल्या सागरी पर्यावरणासाठी नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. आंग्रियासाठी तो वापरावा, ही मागणी किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांइतकीच बुलढाण्यातूनही जायला हवी.