गोफणीतले शब्द : पॅलेस्टिनी हिप-हॉप आणि प्रतिकाराचे काव्य

‘प्रतिकाराचे साहित्य’ ही संज्ञा आज समीक्षेत सर्रास वापरली जाते. पॅलेस्टिनी कादंबरीकार घस्सान कनफानी याने १९६६ मध्ये बैरुत येथून प्रसिद्ध केलेल्या आपल्या अभ्यासग्रंथात ती एका नेमक्या संदर्भात योजली होती. १९४८ नंतर इस्रायलच्या हद्दीत राहिलेले अरब १९६६ पर्यंत लष्करी अंमलाखाली होते. त्यांच्यातील कवी गावोगावच्या काव्यमेळाव्यांत कविता म्हणत. महमूद दरवीशची आरंभीची कविता याच वातावरणातली. ती पुस्तकात वाचण्याआधी जमावाने कानांनी ऐकली, ही गोष्ट आपण सहसा विसरतो. जॅकी रीम सलूम यांच्या ‘स्लिंगशॉट हिप हॉप’ (२००८) या माहितीपटाचा विचार या पार्श्वभूमीवर केला, तर त्यातील तरुणांचे गाणे हे केवळ अमेरिकी फॅशनचे अनुकरण म्हणून बाजूला सारता येत नाही.

माहितीपटाच्या केंद्रस्थानी ‘दाम’ हा गट आहे. तामेर नफार, त्याचा भाऊ सुहेल आणि महमूद जरेरी हे तिघेही लोद या गावचे. तेल अवीवच्या आग्नेयेस असलेल्या या गावातील बहुसंख्य अरबांना जुलै १९४८ मध्ये हाकलून लावण्यात आले. जे उरले, त्यांची नातवंडे इस्रायलचे नागरिक असूनही गावाच्या उपेक्षित वस्त्यांत वाढली. न्यूयॉर्कमधील ब्रॉंक्सच्या कृष्णवर्णीय वस्तीत १९७० च्या दशकात जन्मलेला हा गानप्रकार त्यांना आपला वाटला, तो तालासाठी जितका, तितकाच वस्तीच्या ओळखीमुळे. तूपाक शकूरच्या गाण्यांतील पोलीस, अमली पदार्थ आणि बेकारी त्यांना परकी नव्हती. मराठी वाचकाला येथे १९७२ च्या दलित पँथरची आठवण होणे स्वाभाविक आहे. तिनेही आपले नाव कृष्णवर्णीय अमेरिकेकडूनच घेतले होते. मात्र हे साम्य येथेच थांबवलेले बरे.

गटाचे नावच एक छोटी कविता आहे. इंग्रजी आद्याक्षरांनी बनलेल्या या शब्दाचा उच्चार अरबीत दीर्घ केला तर ‘टिकून राहिला’ असा अर्थ होतो. ऱ्हस्व केला तर ‘रक्त’. हिब्रूतही ‘रक्त’ हाच अर्थ. ज्यांना शाळेत, कचेरीत, रस्त्यावर दोन भाषांमधून सतत ये-जा करावी लागते, त्यांनाच असा श्लेष सुचतो. २००१ मधील ‘मीन इरहाबी’ या त्यांच्या गाण्याने त्यांना दूरवर पोहोचवले. या शीर्षकाचा अर्थ ‘दहशतवादी कोण?’ असा आहे. आरोपाला नकाराने उत्तर देण्याऐवजी आरोप करणाऱ्यालाच प्रश्न विचारणे, ही या गाण्यामागची वाङ्मयीन युक्ती आहे. घोषणा आणि कविता यांतील अंतर येथे स्पष्ट होते. घोषणा आपल्याच माणसांना उद्देशून असते. हा प्रश्न मात्र प्रतिपक्षाला संवादात ओढतो. या गटाने हिब्रूतही गाणी केली, त्यामागे हीच जाणीव आहे.

माहितीपट नेमके काय साधतो? गाण्यात जे ऐकू येत नाही, ते तो दाखवतो. ते म्हणजे अंतर. गाझातील ‘पॅलेस्टिनियन रॅपर्झ’ हा गट लोदपासून मोटारीने फार दूर नाही. परंतु मध्ये सीमा, तपासणी नाकी आणि परवाने आहेत. गाझा, वेस्ट बँक आणि इस्रायल यांत विभागलेल्या या तरुणांची एकमेकांपर्यंत पोहोचण्याची धडपड हा चित्रपटाचा कणा आहे. ध्वनिफीत जेथे सहज जाते, तेथे गायकाला जाता येत नाही. निबंधातून मांडल्यास कोरडी वाटेल अशी ही विसंगती पडद्यावर निव्वळ वाट पाहण्याच्या दृश्यांतून उभी राहते. मात्र माध्यमाची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. तळाशी धावणाऱ्या इंग्रजी भाषांतरात आशय येतो. बोली अरबीतले यमक, श्वासाचे तुकडे आणि शिवराळपणा हरवतो. केवळ तळओळी वाचून या गाण्यांना ‘प्रचारकी’ ठरवणारा समीक्षक भाषांतराचा दोष मूळ गाण्यावर लादतो.

चित्रपटातील अबीर अल्-झिनाती आणि अक्क्याच्या ‘अरापियात’ या मुलींचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तपासणी नाक्याआधी त्यांना घराचा उंबरठा ओलांडावा लागतो. ‘प्रतिकार’ हा शब्द एकाच शत्रूकडे बोट दाखवणारा मानला, की या मुली त्या संज्ञेत बसत नाहीत.

हा प्रश्न चित्रपटाबरोबर संपला नाही. २०१२ मध्ये ‘दाम’ने घराण्याच्या प्रतिष्ठेसाठी होणाऱ्या स्त्रीहत्येवर गाणे केले; त्याच्या चित्रफितीच्या दिग्दर्शनात सलूम यांचाही सहभाग होता. त्यावर लीला अबू-लुगोद आणि माया मिकदाशी या अभ्यासकांनी कठोर टीका केली. हिंसेला राजकीय संदर्भातून तोडून तिचे खापर ‘परंपरे’वर फोडले जाते, असा त्यांचा आक्षेप होता. गटाने उत्तर दिले. आपल्याच समाजाविषयी बोलायला मुक्तीच्या दिवसाची वाट पाहायची का, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. अभ्यासकांचा आक्षेप सैद्धांतिक दृष्ट्या भक्कम आहे. तरीही वस्तीत राहणाऱ्या कवीला तो निर्णय स्वतः घेण्याचा अधिकार आहे, असे मला वाटते. पुढे मैसा दाव ही गायिका या गटात आली, आणि २०१९ च्या संग्रहात तिचा आवाज साथीला नाही, बरोबरीने आहे.