चार्जर भिंतीवर नसतो, गाडीत असतो

शेवगावात कुणी इलेक्ट्रिक कार घेतली की विचारणा होते, "चार्जर केवढ्याचा बसवला?" भिंतीवरच्या डब्याला सगळेच चार्जर म्हणतात, पण तो चार्जर नव्हेच. तो अर्थिंग तपासतो, किती अँपिअर घ्यायचे ते गाडीला कळवतो आणि वीज जोडतो-तोडतो, एवढंच. घरात येते एसी आणि बॅटरीला लागते डीसी. हा बदल करून बॅटरीला हवं तेवढं व्होल्टेज देणारा खरा चार्जर गाडीतच बसवलेला असतो. तोच ऑनबोर्ड चार्जर.

त्यामुळे "मोठा डबा लावला की गाडी झटपट भरते" हा समज महागात पडतो. टियागो ईव्हीसारख्या गाडीत हा चार्जर 3.3 किंवा 7.2 किलोवॉटचा असतो. 24 युनिटची बॅटरी पहिल्यावर साधारण आठ तास घेते, दुसऱ्यावर चारेक. 3.3च्या गाडीला 22 किलोवॉटचा डबा लावला, तरी ती 3.3नेच घेणार.

"वस्तीवर थ्री-फेज आहे, तिप्पट वेग मिळेल" हेही तसंच. 7.2चा चार्जर एकाच फेजवर चालतो. उरलेले दोन फेज त्याला दिसतही नाहीत. शिवाय शेतीपंपाच्या जोडणीवर कार लावणं हा 2003च्या वीज कायद्याच्या कलम 126 नुसार अनधिकृत वापर ठरतो.

लो व्होल्टेजने गाडी बिघडते, अशीही भीती असते. ऑनबोर्ड चार्जर बरेच चढ-उतार सोसतो, फक्त वेग घटतो. 15 अँपिअरच्या सॉकेटवर 230 व्होल्टला सुमारे 3.4 किलोवॉट मिळतात, 180ला 2.7. त्यावर स्टॅबिलायझर बसवायचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. कमी व्होल्टेजवर तेवढीच ताकद द्यायला स्टॅबिलायझर जास्त करंट ओढतो आणि वायर तापते.

मीटरवर बॅटरीपेक्षा जास्त युनिट दिसले, तर ती चोरी नव्हे. एसीची डीसी करताना काही वीज उष्णता होऊन जातेच.

हायवेवरच्या फास्ट चार्जरला मात्र यातलं काही लागू नाही. तिथे डीसी बाहेरच तयार होते आणि ऑनबोर्ड चार्जरला वगळून थेट बॅटरीत जाते.

तेव्हा गाडी बुक करताना रेंजसोबत ऑनबोर्ड चार्जर किती किलोवॉटचा आहे, तेही विचारा. डब्यावर वाचलेले पैसे चांगल्या अर्थिंगवर, वेगळ्या एमसीबीवर आणि जाड वायरवर घाला.